भीतीची फेरी

गार्डमामांइतका भित्रा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिला नाही, आणि आमच्या भागातलं पाणी राखायला माणसं गोळा केली ती याच माणसानं. या दोन गोष्टी मी एका दमात सांगते तेव्हा ऐकणारा हसतो. हसू दे. मामा होते तेव्हा आम्हीही त्यांच्या पाठीमागे पुष्कळ हसलोय. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या भित्रेपणाच्या गोष्टी अजून आमच्यात निघतात, फक्त आता त्या सांगताना आवाज जरा खाली येतो.

ते दौंडचे. रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते, त्यावरून मामा. नोकरीभर गाडीच्या शेपटाला, शेवटच्या डब्यात एकटे बसायचे. इंजिनवाला पुढं बघतो, गार्डानं मागं बघायचं, गाडीचा डबा कुठं सुटून तर राहिला नाही ना याची काळजी वाहायची. रिटायर झाल्यावर डबा गेला, काळजी तेवढी राहिली. चालताना चार पावलं टाकली की मान मागं वळायची. पंख्याखाली बसायचे नाहीत. खुर्ची आधी हातानं दाबून बघणार, मग बसणार. छत्र्या दोन बाळगायचे, एक उघडली नाही तर म्हणून. लिफ्टमध्ये त्यांनी जन्मात पाय ठेवला नाही. एकदा पुण्याला एका कार्यालयात आम्ही सगळे लिफ्टनं वर गेलो आणि हे जिन्यानं आले. धापा टाकत दारात उभे राहिले आणि आम्हालाच विचारलं, "सगळे सुखरूप पोचला ना?"

आमची पाण्याची बैठक शिक्रापुरात भरायची, ती संपवून दौंडला परत जायला त्यांना न्हावऱ्याला गाडी बदलावी लागायची. घरी पोचले की प्रत्येकाला फोन. "मी पोचलो. तुम्ही पोचलात?" माझं घर बैठकीपासून हाकेवर असलं तरी हा फोन यायचाच, आणि मी तो उचलला नाही तर पाच मिनिटांत शेजारणीच्या फोनवर यायचा. एकदा मी पोळ्या लाटत होते आणि शेजारीण घरी नव्हती म्हणून दोन्हीकडं कुणी फोन घेतला नाही, तर मामांनी शिक्रापूरच्या दवाखान्यात चौकशी केली. डॉक्टरीणबाई ओळखीच्या, त्यांनी मला दुसऱ्या दिवशी रस्त्यात गाठलं आणि विचारलं, "काय हो, तुम्ही जिवंत आहात ना?"

माझी शिक्रापुरात खानावळ आहे. कंपन्यांमध्ये काम करणारी, खोल्या भाड्यानं घेऊन राहणारी मुलं दोन्ही वेळ जेवतात. मामा पहिल्यांदा आले ते गिऱ्हाईक म्हणून. ताट वाढलं, तर त्यांनी पाण्याचा पेला नाकाशी नेला, खाली ठेवला आणि विचारलं, "बाई, हे पाणी बोअरचं का?"

"हो."

"डाळ शिजती का ह्यात?"

मला राग आला. कारण डाळ शिजत नव्हती. गेलं वर्षभर कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या, भाताला पिवळट झाक येत होती, आणि हे मी कुणाला बोलले नव्हते. खानावळवालीनं असलं बोलायचं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. मी म्हटलं, "जेवायचं असेल तर जेवा, नाहीतर उठा."

ते जेवले. भाकरी आणि ठेचा खाल्ला, डाळीला हात लावला नाही, पाणी पिशवीतलं स्वतःचं प्यायले. उठताना म्हणाले, "रागावू नका. तुम्ही वरच्या अंगाला राहता, मी खालच्या. तुमच्या ओढ्यात जे पडतं ते वेळ नदीत जातं, तितनं भीमेत, आन् भीमेतनं माझ्या हंड्यात. मला तुमची भीती वाटती, म्हणून आलो."

मला कुणी घाबरतं असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं. नवरा तर नाहीच नाही. त्या रात्री मी भांड्यात बोअरचं पाणी घेऊन बराच वेळ बघत बसले.

अशीच एकेकाला स्वतःची भीती सांगत त्यांनी मंडळी जमवली. केंदूरचे आप्पा, कांदा आणि शेवंतीवाले. शिरूरचे शेखभाई, मोटारी रिवाइंडिंग करून देणारे, त्यामुळं कुठल्या विहिरीतल्या मोटारीचं तांबं कसं सडतंय हे त्यांना घरबसल्या कळायचं. दोन-तीन मास्तर, काही बाया, कंपनीतली काही मुलं, आणि मी. आमच्या मंडळींना नाव नव्हतं. ओढ्याच्या धारेत आम्ही मांजरपाटाच्या पांढऱ्या पट्ट्या बांधायचो आणि आठवड्यानं काढायचो. पट्टीवर जो रंग चढला असेल तो सगळ्यांना दाखवायचा, एवढंच आमचं शास्त्र. बाकी मग शेणखत, घरचं बियाणं, मोरीच्या पाण्यावर परसबाग. आप्पांनी एका वाफ्यापासून सुरुवात केली आणि पुढं निम्मं रान औषधाशिवाय करायला लागले. भावकीत त्यांना "आमचे ऋषी" म्हणायचे ते चिडवायला, पण फुलं त्यांच्याकडूनच न्यायचे.

बैठक महिन्यातून एकदा. आणि ती सुरू व्हायची ती भीतीच्या फेरीनं.

ही मामांची काढलेली रीत. गोलात बसायचं, आणि कामाचं काहीही बोलण्याआधी प्रत्येकानं आपल्याला सध्या कशाची भीती वाटते ते सांगायचं. खरी भीती सांगायची. कुणी हसायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, आणि मुख्य म्हणजे धीर द्यायचा नाही. या शेवटच्या नियमावर मामा फार कडक होते. "धीर दिला की माणूस लगेच बरं वाटल्याचं सोंग करतो," ते म्हणायचे. "भीती बाहेर पडू द्या. आत ठिवून माणूस कामाला बसला तर त्याचं निम्मं ध्यान तिच्याकडंच."

सुरुवातीला मला हे खूळ वाटलं. पण तुम्ही एकदा करून बघा. आप्पा पहिल्यांदा म्हणाले, "माझ्या बोअरमधी कुणी दगूड टाकला तर? येक दगूड. आख्खं रान बसलं." बाहेर वाघासारखा फिरणारा माणूस, हे बोलताना टोपी हातात घेऊन चुरगळत होता. शेखभाई म्हणाले, "मला पेपरात नाव यायची भीती वाटती. आपलं नाव छापून आलं की लोक काम सोडून नावच वाचत्यात." मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याच्या गेटपासची भीती वाटते." माझा नवरा एका कंपनीत ठेकेदाराकडं आहे. ठेकेदारानं एके सकाळी गेटपास नाही दिला तर संपलं, त्याला कारणसुद्धा लागत नाही. एक मास्तर बायकोला भितात असं म्हणाले, आणि हसायचं नाही हा नियम पाळता पाळता आमच्या पोटात कळा आल्या.

मामांची पाळी सगळ्यात शेवटी असायची. आणि इतक्या भित्र्या माणसाच्या तोंडून काय निघायचं? "पालीची." पुढच्या महिन्यात, "त्या विजेच्या गिझरची." त्याच्या पुढं, "कुत्र्याची नाही, पण कुत्र्याच्या मागनं येणाऱ्या कुत्र्याची." आम्ही माना खाली घालायचो. हसू आवरायला नव्हे. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं की त्यांचा मुलगा टँकर चालवतो.

मुलगा म्हणजे चांगला तिशीतला, लग्न झालेला. टँकर दुसऱ्याच्या मालकीचा, हा त्यावर ड्रायव्हर. उन्हाळ्यात पिण्याचं पाणी वाहायचा, एरवी "कंपनीचं काम". कुठल्या कंपनीचं, टँकरमध्ये काय भरायचं आणि तो कुठं रिकामा व्हायचा, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. ओढ्यातल्या पट्ट्या कधी जांभळ्या निघायच्या, कधी गंजासारख्या, आणि त्या हातात घेऊन आम्ही मामांसमोर बसायचो. एकाही बैठकीत कुणी विचारलं नाही. मुलगा वागायला गरीब होता. बैठकीच्या दिवशी इकडं कामावर असला तर मोटरसायकलवर मामांना शिक्रापूरच्या स्टँडवर सोडायला यायचा आणि गाडी सुटेपर्यंत उभा राहायचा. आम्ही दर महिन्याला वाट बघायचो की आज मामा त्याचं नाव घेतील, आणि मामा पालीचं घ्यायचे.

एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. नोकरीत असताना एकदा त्यांना वाटलं की गाडीचा आवाज बदललाय. वाटलं, एवढंच. त्यांनी गाडी थांबवली. इंजिनपर्यंत डबा न् डबा तपासला, काही निघालं नाही. मागच्या गाड्या खोळंबल्या, मामांना मेमो मिळाला, साहेबानं भर ऑफिसात झापलं. "मग?" आम्ही विचारायचो. "मग काय. मेमो खिशात घालून घरी आलो आन् गाढ झोपलो. गाडी न थांबवता गेलो असतो तर बढती मिळाली असती, पर झोप आली नसती." ही गोष्ट सांगताना तेवढे ते भित्रे दिसायचे नाहीत.

मग एका वर्षी पावसाळा संपला आणि आमची खरी भीती सुरू झाली.

माझ्या नवऱ्याला ठेकेदारानं एक दिवस बाजूला घेतलं. ओरडला नाही, चहा पाजला. म्हणाला, "मॅडम बैठकीला जातात म्हणे. त्यांना तुमच्या गेटपासची लई काळजी वाटती म्हणं. काळजी करू नका म्हणावं." नवऱ्यानं घरी येऊन मला हे जसंच्या तसं सांगितलं आणि मग विचारलं, "तू कुणाकडं काय बोललीस?"  गेटपासचं मी जगात एकाच ठिकाणी बोलले होते.

त्याच आठवड्यात आप्पा सकाळी रानात गेले तर बोअरच्या तोंडावरचं झाकण काढलेलं, आणि त्याच्या काठावर एक दगड ठेवलेला. आत टाकलेला नव्हता, नुसता ठेवलेला, नारळ ठेवावा तसा. आप्पांनी तो उचलायला हात पुढं केला आणि हात इतका कापायला लागला की दगड आपल्याच हातून आत पडेल म्हणून त्यांनी धाकट्या भावाला हाक मारली. शेखभाईंच्या दुकानात फोन आला. पलीकडचा माणूस अगदी अदबीनं म्हणाला, "तुमचं नाव पेपरात छापायचंय. छापू ना?" आणि फोन ठेवला. मास्तरांच्या बायकोला कुणीतरी येऊन काय सांगितलं ते मास्तरांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. ते यायचेच बंद झाले.

नुसती धमकी असती तर माणूस चार शिव्या घालून झोपला असता. इथं प्रत्येकाला त्याची त्याची भीती घरपोच येत होती. जी गोष्ट आपण डोळे मिटून, मोठ्या विश्वासानं गोलात बोललो, ती दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडात घोळून परत येते, याच्याइतकं भयंकर मला काही वाटलेलं नाही. मी घराचं फाटक दिवसाही लावायला लागले. खानावळीत नवा चेहरा आला की माझ्या हातातली पळी थांबायची. नवरा कामावर गेला की तो परत येईपर्यंत मला रस्त्यावरच्या प्रत्येक ट्रकचा हॉर्न ऐकू यायचा, आणि शिक्रापुरात ट्रकना काय तोटा.

आणि मग जे व्हायचं ते झालं. कोण सांगतं बाहेर? गोलातलाच कुणीतरी. कुणाचा मुलगा टँकरवर आहे? हे मोठ्यानं कुणी म्हणालं नाही, पण मामांचा "पोचलो" असा फोन यायचा तेव्हा आम्ही आता नुसतं "बरं" म्हणून ठेवून द्यायला लागलो.

पुढं काय करायचं हे ठरवायला सगळ्यांनी एकदा बसायचं असं आप्पांनीच काढलं. केंदूरला, त्यांच्या कांद्याच्या चाळीत. उन्हाळी कांदा अजून रानात होता, त्यामुळं चाळ रिकामी होती, जुन्या कांद्याचा वास तेवढा राहिला होता. दुपारची वेळ. ठरवायचं पुष्कळ होतं. कुणी म्हणत होतं संस्था रजिस्टर करू म्हणजे पाठीशी कागद राहील. एका कंपनीच्या माणसानं मधल्या मध्ये निरोप धाडला होता की शाळेला पाणी शुद्ध करायचं यंत्र देतो, झाडं लावून देतो, तुम्ही तेवढं ओढ्यात पट्ट्या बांधायचं थांबवा. ते घ्यावं असंही काहींचं मत होतं. आणि निम्म्या लोकांना हे सगळं गुंडाळून आपापल्या घरी सुखानं बसायचं होतं. खरं सांगायचं तर मी त्या निम्म्यांत होते.

येतील असं वाटलं होतं त्याच्या निम्मीसुद्धा माणसं आली नव्हती. चाळीच्या फटींतून रस्ता दिसत होता. तिथं एक मोटरसायकल उभी होती आणि तिच्यावर दोघं जण बसलेले. एक जण फोनवर बोलत होता आणि बोलता बोलता आमच्याकडं बघत होता. ते कोण, कुणाला माहीत नव्हतं. कदाचित कुणाची तरी वाट बघणारी साधी माणसं असतील. पण आमच्यातल्या एकीनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, आणि मग दुसरीनंही.

मामा आले. नेहमीसारखे भिंतीशी न बसता गोलात पुढं बसले. आप्पा म्हणाले, "मामा, आज फेरी नको. आपलं बोललेलं भाईर जातंय. आज कुणी काय बोलणार न्हाई."

"फेरी हवी," मामा म्हणाले. "आन् आज माझ्यापासनं."

 त्यांनी दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून धरले.

"रेल्वेत आम्हाला शिकवलंय," ते म्हणाले, "निरोप आला की तो मोठ्यानं परत म्हणून दाखवायचा. म्हंजी चूक राहत न्हाई. मला तीच सवय. मी रोज सांच्याला देवापुढं दिवा लावतो. तुम्ही फेरीत जे बोलता ते देवाला सांगतो. येकेकाचं नाव घेऊन. देवा, केंदूरच्या आप्पांच्या बोअरला कुणी दगूड घालू नये. देवा, शिक्रापूरच्या बाईंच्या मालकांचा गेटपास ऱ्हावा. देवा, शेखभाईंचं नाव कुठं छापून येऊ नये. मोठ्यानं म्हणतो. मनात म्हटलं तर मला भ्या वाटतं, देवाला नीट कळलं का न्हाई."



"त्या टायमाला पोरगा घरात असतो. मागं कॉटवर बसून चा पितो. जन्मभर मी मागं बघत आलो. पर देवापुढं हात जोडल्यावर मागं कोण बघतं? तुमच्या भीत्या माझ्याच तोंडनं गेल्या. त्यानं कुणाला सांगितलं, का कुणी त्याच्याकडनं काढून घेतलं, मला म्हाईत न्हाई. मी इचारलं न्हाई. मला इचारायची भीती वाटती." ते थांबले, आणि मग एकदम बोलले, "मला माझ्या पोराची भीती वाटती. आन् माझ्या पोरासाठी भीती वाटती. दोन्ही. हे मला लई दिवसांपासनं बोलायचं होतं. मी पालीचं बोलत राहिलो."

 राग यायला हवा होता, आणि आलाही. माझा नवरा गेले दोन महिने नीट जेवत नव्हता. पण समोर हा म्हातारा बसलेला, आणि त्यानं काय केलं होतं? तर रोज संध्याकाळी माझ्या नवऱ्यासाठी हात जोडले होते. आमच्या सख्ख्या माणसांनी तेवढं केलं नव्हतं. मी रडले असते, पण फेरीत रडणाऱ्यालाही कुणी धीर देत नाही.

नियमाप्रमाणं कुणी उत्तर दिलं नाही. मामांच्या शेजारी आप्पा होते, त्यांची पाळी. आप्पांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. ते उठून जाणार असं मला वाटलं. त्यांच्या बोअरच्या काठावरचा तो दगड आम्ही सगळ्यांनी बघितला होता.

"माझी भीती सांगतो," आप्पा म्हणाले. "मी जल्मभर औषधं फवारली. असलं पानी अंगावर उडलं तर काय हुतं ते मला म्हाईत हाय. आपल्या पट्ट्या ज्यानं सडत्यात, त्येचा पाइप त्यो पोरगा हातानं सोडत आसंल. त्याला हातमोजं कोण देतंय? मला त्या पोराच्या हातांची भीती वाटती."

मामांनी मान वर केली. 

मग शेखभाई. ते बराच वेळ रस्त्यावरच्या मोटरसायकलीकडं बघत होते. "उद्या सापडला," ते म्हणाले, "तर मालक सुटंल. ठेकेदार सुटंल. नाव डायवरचं छापून येईल. मला त्याच्या नावाची भीती वाटती." त्यांच्यापुढच्या बाईनं त्याच्या लेकराबाळांचं नाव घेतलं. तिच्यापुढच्या मुलानं, जो स्वतः कंपनीत रोजंदारीवर होता, तो म्हणाला की असलं काम आपल्यालाही कुणी दिलं तर आपण नाही म्हणू का, याची त्याला भीती वाटते.

हे सगळं खरं होतं की शहाणपण होतं, आप्पांनी मुद्दाम ही वाट काढली का, हे मला आजही ठरवता येत नाही. मी त्यांना पुढं एकदा विचारलं तर म्हणाले, "फेरीत खोटं बोलायचं न्हाई, ठरलंय न्हवं?" आणि विषय बदलून मला शेवंतीची रोपं दाखवायला लागले.

माझी पाळी आली तेव्हा मला तसलं उदार काही बोलता आलं नाही. मी म्हटलं, "मला त्याचा राग येतो. तो समोर आला तर मी काय करून बसेन, याची मला भीती वाटते." तेही कुणी अडवलं नाही.

फेरी संपली आणि कामाचं बोलणं अर्ध्या तासात उरकलं. यंत्र नको, झाडं नकोत. संस्थेचं पुढं बघू. पट्ट्या बांधायच्या, आणि आता लपूनछपून नाही, ओढ्याच्या पुलावर सगळ्यांच्या देखत. मामांनी हात जोडून सांगितलं, "मला यातनं मोकळं करा. आन् माझं देवापुढचं बोलणं आजपासनं बंद."

"बंद करू नका," आप्पा म्हणाले. "आज सांच्याला बी दिवा लावा. आज जे ऐकलंत ते समदं म्हणा. मोठ्यानं."

मामा मग उठले. बाहेर पडताना नेहमीसारखी मान वळवून त्यांनी चाळीकडं बघितलं. रस्त्यावरची मोटरसायकल केव्हा गेली ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि ती गेल्यावर मला ती असण्यापेक्षा जास्त भीती वाटली.

त्यानंतर थोड्या दिवसांनी, दुपारची गर्दी ओसरल्यावर, मी खानावळीत ताटं आवरत होते. दारात कुणीतरी उभं राहिलं. मामांचा मुलगा.  खानावळीत मी एकटी. मागचं दार उघडं आहे का, हे मी पहिल्यांदा बघितलं.

"जेवण मिळंल का?" त्यानं विचारलं.

मी ताट वाढलं. त्याच्यापासून लांब, गॅसपाशी उभी राहिले. तो जेवायला लागला नाही. ताटाकडं बघत म्हणाला, "आप्पांच्या बोअरवर दगूड मी ठिवला न्हाई, मावशी. टँकरची कामं तुमच्या मालकांचाच ठेकेदार देतो. त्यो गप्पांमधी इचारायचा, म्हाताऱ्याचं काय चाललंय, कोण कोण येतं. मी हसत हसत सांगायचो. मला वाटलं, त्यो बी हसतोय."

मी मनात म्हटलं, हसायचं नाही हा नियम याला कुणी सांगितला असता तर.

"त्या दिवशी अण्णांनी दिवा लावला," तो म्हणाला. मामांना तो अण्णा म्हणायचा. "तुमची नावं घ्यायला लागले. येकेकाच्या पुढं माझंच नाव. देवा, आप्पांना माझ्या पोराच्या हातांची भीती वाटती. देवा, शेखभाईंना माझ्या पोराच्या नावाची भीती वाटती. आन् म्हणता म्हणता त्यांनी मागं वळून बघितलं. मी भिंतीकडं तोंड केलं."

मग त्यानं शर्टाच्या बाहीचं बटण काढलं आणि बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडं पांढरं पडलेलं होतं, मध्ये मध्ये सोललेलं, आणि सोललेल्या जागी लाल. ताटावरचा हात त्यानं उलटा केला, तर तळव्याला रेषाच राहिल्या नव्हत्या.

"हे आप्पांना कसं कळलं?" त्यानं मला विचारलं. "मी घरात बनेलवर बसत न्हाई कवाच. बायकोशिवाय कुणाला म्हाईत न्हाई."

इतके दिवस ज्याच्यासाठी मी शिव्या साठवून ठेवल्या होत्या, तो माणूस समोर बसला होता आणि मला एकही शिवी आठवेना. मी फडक्यात बर्फ बांधायला गेले, मग लक्षात आलं की याला बर्फानं काय होणार. तशीच ते फडकं हातात घेऊन उभी राहिले.

"मी गाडी सोडली," तो म्हणाला. "पर टँकर थांबणार न्हाई. माझ्या जागी दुसरा कुणीतरी बसंल. सकाळच्या पारी, पुलाच्या खालच्या अंगाला येत्यात. तुमच्या लोकांना सांगा." त्यानं बाही खाली ओढली, बटण लावायला लागला. ते त्याला लागत नव्हतं, बोटं वाकत नव्हती. मी पुढं होऊन लावलं.

तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडं नीट बघितलं.

"हाताचं तेवढं अण्णांना सांगू नका, मावशी," तो म्हणाला. "लई भित्यात ते."